एकताटींचं पान

माझ्या लग्नात तात्या सहकुटुंब आले, पोटभर जेवले आणि निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "जेवण होतं." वडील हात जोडून थांबले. पुढं काहीतरी येईल, छान होतं, झकास होतं, म्हणून उभेच राहिले. पुढं काही आलंच नाही. शेवटी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सावरून घेतलं. "मनावर घेऊ नका, पाव्हणं. चाळीस वर्सं मी ह्यांचा सैपाक करतीय, मला येवढं बी कधी म्हनलं न्हाईत."

तात्या माझे कुणी नात्यातले नव्हेत. ते मोजणीदार होते, भूमी अभिलेख खात्यातले. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत त्यांनी पाय ठेवला नाही असा बांध सापडायचा नाही. निवृत्त झाल्यावर कन्हेरीत घर होतं, थोडा ऊस होता, तो मुलगा बघायचा. दुसरा एखादा तीर्थयात्रेला निघाला असता, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहिला असता. तात्यांनी गावोगावचे इतिहास लिहायला घेतले.

माझं दुकान तेव्हा बारामतीत नुकतंच उघडलेलं. टायपिंग, लग्नपत्रिका, बचत गटाचे ठराव, वाढदिवसाचे फ्लेक्स. तात्या पहिल्यांदा आले ते थेट आत आले नाहीत. दाराबाहेरच पावलं टाकत इकडून तिकडं गेले, मग डोकं आत घालून म्हणाले, "पोरी, तुझी पायरी सव्वा फूट रस्त्यात आलीया."

मी म्हटलं, "तुम्हाला टायपिंग करायचंय का पाडापाडी?"

"टायपिंग. ही नुस्ती नोंद."

त्या दिवसापासून आठ वर्षं मी त्यांचं टायपिंग केलं. मुंगीच्या पायांसारखं बारीक अक्षर, आणि कागदाच्या दोन्ही अंगांना आखून सोडलेली जागा. त्या जागेत एक अक्षर गेलेलं त्यांना खपायचं नाही. चहा बिनसाखरेचा. साखर कारखान्याचा सभासद, घरात सवलतीच्या साखरेचं पोतं, आणि हा माणूस कोरा कडू चहा पितो, याचं माझ्या सासूला फार वाईट वाटायचं.

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं, ते म्हणजे शोभेचे शब्द. "इशेषण म्हंजी अतिक्रमण," असं म्हणायचे. दुकानात आले की पेन्सिल घेऊन पेपर उघडायचे, बातमीतले भव्य, दिव्य, घणाघाती, धक्कादायक असे सगळे शब्द खोडायचे आणि उरलेलं मला वाचून दाखवायचे. बहुतेक वेळा उरायचं ते एवढंच की अमक्या गावात एक सभा झाली. "येवढीच बातमी हाय. बाकीचं ह्यांनी आपल्या जागंतनं रस्त्यात काढलंय."

यानं माझं नुकसानही व्हायचं. एकदा एक तरुण पुढारी फ्लेक्स करायला बसलेला. मी 'कार्यसम्राट' लिहिते न लिहिते तोच तात्यांनी मागून शांतपणे विचारलं, "साम्राज्याची चतुःसीमा काय? पूर्वेला कोन, पश्चिमेला कोन?" पोरगा उठला आणि समोरच्या दुकानात गेला. त्या दिवशी मी तात्यांना चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून फ्लेक्सचं गिऱ्हाईक आलं की ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते पाहून गिऱ्हाईक अजूनच घाबरायचं, पण निदान पळायचं नाही.

मोजणीची एक रीत असते, ती त्यांनीच मला सांगितली. शेत एकाचं मोजायचं असलं तरी नोटीस आजूबाजूच्या सगळ्या खातेदारांना जाते. दोन्हीकडचे लोक बांधावर उभे राहिले की मगच मोजायची साखळी पसरायची. "एकट्यानं दावलेली हद्द ही हद्दच न्हवं," तात्या म्हणायचे. हीच रीत त्यांनी लिहिण्याला लावली होती. एखाद्या घराण्याबद्दल, जातीबद्दल, तंट्याबद्दल वाक्य लिहिलं की ते त्या लोकांना वाचून दाखवायचे आणि त्यांच्याशी ज्यांचं वाकडं, त्यांनाही. एक बाजू खूश झाली की वाक्य रद्द. "दोगांच्या बी कपाळाला जराशी आठी पडली, की समजायचं हद्दीचा दगड जाग्यावर हाय."

या रीतीनं सुप्याकडच्या एका गावाचं पुस्तक व्हायला तीन वर्षं लागली होती. छापून आल्यावर गावातलं कुणीच फारसं खूश नव्हतं आणि कुणीच भांडलंही नाही. तात्यांना त्याचा अभिमान होता. अर्थात तसं ते म्हणायचे नाहीत.

मग त्यांच्या आजोळचं काम आलं. इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं गाव, वालचंदनगरच्या पुढं. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता, कलश चढायचा होता, त्या दिवशी गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघावं असं समितीनं ठरवलं. समितीचे अध्यक्ष आबा म्हणजे तात्यांचे मामेभाऊ. एकशेवीस पानांत एकशेएकोणीस पानं सरळ होती. एक पान अडलं.

त्या गावात पूर्वी एका पंथाचा मठ होता. पंथ लहान, दोन-चार गावांपुरता. अमावास्येच्या दुपारी सगळ्या जातींची माणसं मठात जमायची आणि एका मोठ्या ताटात एकत्र जेवायची. ते स्वतःला एकताटी म्हणवायचे. गाव त्यांना उष्टे म्हणायचं. तात्यांच्या आणि आबांच्या पणजोबांच्या काळात गावानं मामलेदाराकडे अर्ज केला, की मठातली माणसं करणी करतात आणि त्यानं गावातली पोरं दगावतात. मठ मोडला, मठातले बुवा परागंदा झाले. पाच-सहा घरं तेवढी गावाच्या कडेला राहिली. ती माणसं आता इतरांसारखीच शेती करतात, कारखान्यात नोकरी करतात, पोरी नर्स झाल्यात. तरी त्या आळीला अजून उष्टेआळीच म्हणतात, आणि तिथल्या पोरीचं लग्न ठरायला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त लागतात.

आबांचं म्हणणं साफ होतं. "लिहा की, पाखंडी पंथ हुता, अनाचार चालायचा, गावानं एकजुटीनं बंदोबस्त केला. आज्यापासनं आमी ह्येच ऐकत आलोय."

आळीतली सगळ्यात जुनी बाई म्हणजे आक्का. नव्वदीला टेकलेली, माहेर आणि सासर दोन्ही त्याच आळीत. तिचा नातू कारखान्यात नोकरीला होता. त्यानं स्वतःच चार पानं लिहून आणली होती. त्यात एकताटी म्हणजे समतेचे अग्रदूत, क्रांतीची मशाल, आणि गाव म्हणजे नराधम. तात्यांनी पेन्सिल काढून ती चार पानं वाचली. उरल्या साडेतीन ओळी. नातू रागावून निघून गेला.

आक्का मात्र बसून राहिली. मीही त्या दिवशी तात्यांबरोबर गेले होते, मठाच्या जागेचे फोटो काढायला. ती मला म्हणाली, "बाय, तोंडातला 'उष्टे' शबुद वाऱ्यावर जातुया. आजवर लई ऐकला, काय न्हाय. पर ह्यो छापला, की माझ्या पणतीच्या लग्नात बी कुनीतरी पुस्तक उघडून दावंल. त्यो शबुद एकला छापू नका, येवढंच."

त्या बाईनं मला जिंकलं. दुकानात येऊन मी तात्यांचं पान टाईप करायला घेतलं. वाक्यं अशी होती: 'या पंथाचे लोक स्वतःस एकताटी म्हणत. गावातील इतर लोक त्यांस उष्टे म्हणत, हे नाव पंथाने कधी स्वीकारले नाही. करणीचा आरोप अर्जात आहे. पंथाच्या वहीत तशा कोणत्याही विधीची नोंद नाही.' एवढं कोरडं मला सोसवेना. मी 'या' आणि 'पंथाचे' यांच्या मध्ये हळूच 'निष्पाप' घातलं. कुणाचं काय बिघडतंय.

तात्यांनी प्रूफ वाचलं. चष्मा काढून ठेवला. आठ वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"बांध कोरलास."

"तात्या, एक शब्द तर आहे."

"नांगराचं बी रेघंयेवढं येक तासच असतंय. दरसाली येक तास, अन् धा वर्सात शेजाऱ्याचं दोन गुंठं. तुला कुनी दावलं निष्पाप हायत म्हून? तू हुतीस तितं?"

"तुम्ही तरी होता का?"

"न्हवतो. म्हून तर लिव्हलं न्हाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तू हितं निष्पाप घातलंस की आबाला पाखंडी घालायचा हक्क मिळतो. आक्काच्या अंगावर शाल टाकलीस असं तुला वाटतंय. तिच्याच बांधावरचा दगड हलिवलास तू."

मी शब्द काढला, पण दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. मला वाटलं, या माणसाच्या छातीत काळीज नाही, साखळी आहे.

वाचन एका रविवारी सकाळी ठरलं, शाळेच्या व्हरांड्यात. एका अंगाला आबा आणि समितीची माणसं, दुसऱ्या अंगाला आक्का, नातू आणि आळीतल्या चार बाया. मध्ये लॅपटॉप घेऊन मी. तात्या स्वतः कधी वाचायचे नाहीत, लिहिणाऱ्याचा आवाज नको तिथं जड होतो म्हणायचे. मी सगळं पान वाचलं. संपल्यावर पाहिलं, तर आबांच्या कपाळाला आठी होती आणि नातवाच्याही. तात्या समाधानानं पाठीमागे टेकले.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "मोजणीदार, येक इच्यारू? मठातल्या बुवाचं नाव हाय. मामलेदाराचं नाव हाय. मठाला जागा कुनी दिली त्येचं बी नाव हाय. अर्ज केला 'काही गावकऱ्यांनी'. त्यास्नी नावं न्हवती व्हय?"

टेकलेले तात्या सरळ बसले. आक्का थांबली नाही.

"त्यो अर्ज मोडीत हाय म्हनं. गावात मोडी तुमच्याबिगर कुनाला येत न्हाय. पैली सही कुनाची हाय?"

मी तात्यांकडे पाहिलं. अख्खं पान मी पाच वेळा टाईप केलं होतं आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका शब्दासाठी माझ्यावर कडाडलेल्या या माणसानं अख्खा माणूस झाकून ठेवला होता.

"रावजींची," तात्या म्हणाले. "माझ्या आईच्या आजोबांची. आबाच्या पणज्याची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीत असताना नात्यातलं शेत आलं, की मी मोजणी दुसऱ्याकडं द्यायचो. ह्ये पान मी घ्यायलाच नको हुतं. घेतलं, अन् बांध कोरला. घाल ते नाव."

आबा ताडकन उठले. "आईच्या म्हायेराला काळं फासाय आलायस व्हय तू? ह्या गावात भाचा म्हून तुला पाटावर बसिवला. नाव घातलंस तर आमच्या उंबऱ्यावर पुन्यांदा पाय ठिवू नगंस."

"न्हाय ठिवणार," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की माझा दोन दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला. मामाचं घर हे त्यांचं एकुलतं एक माहेरपण होतं. आई लहानपणी गेलेली, दर दिवाळीला ते सत्तरीतही पिशवी घेऊन आजोळी जायचे. आणि ते एवढ्या लोकांत, दोन शब्दांत, सोडून मोकळे झाले.

नातू जिंकल्यासारखा हसला. आक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

"आबा, खाली बसा," ती म्हणाली. "मला रावजीची बदनामी करायची न्हाय. नाव घाला, अन् त्यानं तसं का केलं ते बी घाला. त्या साली तापाची साथ आलती. त्येचं पोरगं गेलं त्या तापात. मानूस कुनावर तरी कावणारच की."

"कसलं पोरगं?" आबा म्हणाले. "आमच्या घरात असं कुनी गेल्याचं म्या कधी ऐकलं न्हाय."

आक्कानं डोळे मिटले आणि नावं घ्यायला लागली. एका सुरात, जात्यावर बसल्यासारखी. अकरा नावं. आमची चार, गावची सात, असं तिनं नंतर सांगितलं. चौथं नाव आलं म्हादू, रावजीचा, वय पाच.

"ही कुठली यादी?" तात्यांनी विचारलं. बोलण्यावर ते कधीच विसंबायचे नाहीत.

नातवानं पिशवीतनं कापडात गुंडाळलेली वही काढली. पंथात गायच्या पदांची. तात्यांनी ती आधी वाचली होती, पण मागचं पान चिकटलेलं म्हणून त्यांनी जुन्या कागदाला नख लावलं नव्हतं. आक्कानं ते वाफेवर धरून सोडवून आणलं होतं. तात्यांनी मोडीवरून बोट फिरवत, ओठ हलवत, सगळं पान वाचलं. आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होतो.

"आहे," ते म्हणाले. "म्हादू. रावजींचा. चौथा."

"साथीत गेलेल्या समद्या पोरांची नावं बुवांनी लिव्हून ठिवली," आक्का म्हणाली. "मठ मोडला तरी आमी अवस मोडली न्हाय. दर अवसंला ताटातनं अकरा घास काढायचं, येकेका पोराच्या नावानं. माझी सासू काढायची, आता म्या काढतीय. येकदा सासूला म्या इच्यारलं, रावजीच्या पोराचा कशाला? तर म्हनली, पोरानं काय अर्ज केलता व्हय."

आबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मोठा, दांडगा माणूस, पण हात मांडीवर असे ठेवले होते की जणू कुणीतरी शिक्षा केलीय. त्यांनी विचारलं, "पाच वर्सांचा हुता?"

"पाच," तात्या म्हणाले.

"मग घाला," आबा म्हणाले. "दोनी नावं घाला. बापाचं बी अन् पोराचं बी."

मी तिथंच, पायरीवर बसून टाईप केलं. तात्या उभे राहून सांगत होते: 'अर्जातील पहिली सही रावजी यांची आहे. त्याच साथीत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा म्हादू वारला. एकताटींच्या वहीत त्याचे नाव चौथे आहे.' त्याखाली अकराही नावं, वहीतल्याच क्रमानं. मला वाटत होतं, इतकं मोठं काही घडलं, एखादा तरी शब्द हवा. मी वर पाहिलं. तात्यांचे डोळे भरून आलेले आणि शब्द एकही जास्त नव्हता. मग मला कळलं, की जागा होती म्हणून ती नावं तिथं मावली. माझ्या 'निष्पाप'नं किंवा आबांच्या 'पाखंडी'नं ती जागा आधीच खाल्ली असती. पानाच्या प्रतीवर पंचनाम्यासारख्या दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. आक्कानं नाव लिहिलं, सावकाश, आणि कुणाला घाई नव्हती.

कलशाच्या दिवशी पुस्तक निघालं. जेवणाच्या पंगतीत उष्टेआळी नेहमीच शेवटी बसायची, त्या दिवशीही शेवटीच बसली. पुस्तकानं गाव बदलतं असं काही नसतं. तात्या दिवाळीला आजोळी गेले, तेही नेहमीसारखेच.

दिवाळीनंतरच्या अवसेला संध्याकाळी तात्या दुकानात बसले असताना आक्काचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"दुपारी आबा आलता," ती म्हणाली. "दारातच हुबा. आत या म्हनलं तर येईना. म्हनला, आक्का, आजचा म्हादूचा घास माझ्या हातनं काढू द्या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दिला काढू. अन् निगाला, तर म्या म्हनलं, आबा, आमच्यात नुस्ता घास काढून कुनी जात न्हाय. म्हनलं, वायलं ताट वाढती तुमास्नी."

तात्या खुर्चीत पुढं सरकले होते.

"वाढलं का वेगळं?" मी म्हटलं.

"वाढत हुते की. तवर त्यो आमच्या मोठ्या ताटाला बसला बी."